लेखकाच्या घरी जेवणारा

एका जागी बारा वर्षं बसलं की किस्से आपोआप साचतात. घरात जुन्या चपला साचतात तसे. टाकायला कोणी उठत नाही आणि पाहुणा आला की नेमक्या त्याच दिसतात.

मी शालिक. चंद्रपूरच्या एका कॉलेजात शिपाई होतो. शाळा सातवीपर्यंत. रिटायर झालो त्याच आठवड्यात वनस्पतीशास्त्राच्या देवगडे मॅडमनी बोलावून सांगितलं, उद्यापासून पत्रिकेच्या खोलीत बसा. पत्रिका संशोधनाची, संपादक मॅडमच. वर्षातून दोनदा निघते. जंगल, तलाव, खाणी, शेती, आमच्या दोन जिल्ह्यांत जे आहे त्यावर प्राध्यापक लोक लेख लिहितात आणि दुसरे प्राध्यापक ते तपासतात. तपासणाऱ्याला परीक्षक म्हणतात. लेखकाला परीक्षक कळू द्यायचा नाही, परीक्षकाला लेखक कळू द्यायचा नाही.

मधला माणूस मी. लेखाचं नावाचं पान काढायचं, नंबर मारायचा, लिफाफा बंद करायचा आणि एसटीनं परीक्षकाच्या घरी नेऊन द्यायचा. सोबत एक फॉर्म. या लेखात तुमचा काही हितसंबंध आहे का? नातं, भागीदारी, भांडण, कोणाची मदत, काहीही. ‘आहे’ किंवा ‘नाही’, एकावर खूण. लेखकालाही तोच फॉर्म.

बारा वर्षं मी लोकांचे हितसंबंध पोचवले. या वर्षी माझाच निघाला. आमच्या धाकट्या मुलीचा, वंदनाचा लेख आला. तो छापून आल्याशिवाय प्रबंध विद्यापीठात जमा करायचा नाही, असं तिच्या गाईडचं म्हणणं. म्हणजे तिची पाच वर्षं त्या एका लेखावर अडलेली. ते सांगतोच. पण आधीचं आधी.

*

ई-मेल असताना हा माणूस लिफाफे कशाला वाहतो, असं सगळे विचारतात.

आधी ई-मेलच होता. राजुऱ्याच्या एका परीक्षकांना लेख पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

“मॅडम, लेखकाचं नाव झाकलं म्हणता तुमी. फाइलीचं नावच ‘बोबडे सर फायनल खरोखर फायनल’ आहे.”

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही ते वाचायचं नव्हतं.”

“फाइल उघडायले त्याच्यावरच बोट ठेवा लागते, मॅडम.”

त्या दिवसापासून कागद. आणि कागदासाठी मी. मॅडमनी मला निवडलं त्याचं कारणही तोंडावर सांगितलं. “शालिकभाऊ, तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. या कामाला असाच माणूस पाहिजे.”

तीन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी विचार केला, आजवर माझ्या न शिकण्याची कोणाला गरज पडली नव्हती. बसलो खुर्चीवर.

*

लेख घेऊन जाताना मी कोणाचा चहा घेत नाही. लेखकाचा नाही, परीक्षकाचाही नाही. हा मॅडमचा नियम नाही, माझा आहे.

एक प्राचार्य होते. लेख त्यांचा. कोणाकडे तपासायला जातो हे त्यांना पाहिजे होतं. मला विचारलं, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो तर मागच्या सीटवर हेच. मी ओळख दाखवली नाही. त्यांनीही पेपर वर धरला.

परीक्षकाचं गाव आलं. मी उतरलो नाही. पुढच्या फाट्यावर उतरलो. तेही उतरले. फाट्यावर एक टपरी आणि एक बाभूळ, बाकी काही नाही. मी बाकावर बसलो. ते समोरच्या बाकावर बसले.

अर्ध्या तासानं ते म्हणाले, “शालिकभाऊ, इथी कोणता परीक्षक राहते?”

मी म्हटलं, “टपरीवाल्याला विचारा.”

टपरीवाला म्हणाला, “मी नाई बा, मी दहावी नापास आहो.”

परतीच्या गाडीनं दोघंही चंद्रपूरला आलो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो आणि लिफाफा दिला. लेख नापास झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आनंदही झाला नाही.

*

गडचिरोलीला बांबूचे मोठे जाणकार आहेत. आम्ही त्यांना बांबूवाले सर म्हणतो. परीक्षक म्हणून ते आमचे सर्वांत जुने. एकदा त्यांनी स्वतःच लेख पाठवला. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे तपासायला दुसरा एक लेख जायचा होता. मी दोन लिफाफ्यांवर नंबर उलटे मारले. चूक माझी.

त्यांचाच लेख त्यांच्याकडे तपासायला गेला.

मी तीन तास एसटीत बसून गेलो होतो. त्यांनी लिफाफा उघडला, पान उलटवलं, माझ्याकडे बघितलं आणि मला बसायला सांगितलं. तिथंच बसून सगळा लेख वाचला आणि फॉर्म भरून दिला. लेखकाशी परिचय: आहे, जुजबी. शेरा: लेख बरा आहे, शेवटचा भाग लेखकाने पुन्हा तपासावा.

मॅडमनी फॉर्म बघितला आणि फोन लावला. “सर, हा लेख तुमचाच आहे.”

“माहीत आहे.”

“मग तपासला कशाला?”

“शालिकभाऊ एवढ्या उन्हात आले. रिकाम्या हातानं कसं पाठवू?”

“आणि परिचय जुजबी?”

“लेख दोन वर्सांआधी लिहिला, मॅडम. तवाचा मी आता मले फारसा आठवत नाई.”

मॅडमनी तो फॉर्म रद्द केला आणि लेख दुसऱ्या परीक्षकाला पाठवला. त्यांचा शेरा आला: लेख बरा आहे, शेवटचा भाग लेखकाने पुन्हा तपासावा.

*

सहा वर्षं झाली तेव्हा एक दिवस मी मॅडमकडे गेलो आणि सांगितलं, “मॅडम, मी आता या कामाला लायक नाही.”

“तब्येत?”

“तब्येत चांगली आहे. मला इंग्रजी वाचता येऊन राह्यलं.”

खोटं नव्हतं. एसटीच्या पाट्या, औषधांची खोकी, गाड्यांच्या नंबरप्लेटा, यांच्यावरून अक्षरं आपोआप बसली होती. मी शिकायला गेलो नव्हतो.

मॅडमनी समोरचा लेख पुढे केला. “वाचा.”

पहिली ओळ वाचता आली नाही. दुसरीही नाही. खाली बोट ठेवलं. “हे वाचता येते. प्रोफेसर अमुक अमुक, ब्रह्मपुरी.”

“म्हणजे तुम्हाला नेमकं काय वाचता येतं?”

“नावं. बाकी काही नाही.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शालिकभाऊ, फक्त तेच नको होतं.”

तेव्हापासून नावाचं पान कॉम्प्युटरवरच्या पुष्पाबाई काढतात. मी नंबर मारतो आणि नेतो. पुष्पाबाई मला लेख देताना उलटा धरून देतात. मीही उलटाच घेतो.

*

या नावं वाचण्याचा एकदा उपयोग झाला.

खाणीकडे जाणाऱ्या एका रस्त्याच्या धुळीवर लेख आला. धूळ मोजली, धूळ ठीक आहे, असा त्याचा सारांश. लेखकानं हितसंबंध ‘नाही’वर खूण केलेली. सोबत फोटो होते. पुष्पाबाईंनी नावाचं पान काढलं, पण फोटो तसेच ठेवले. मी नंबर मारताना मला फोटोतल्या माणसाच्या टोपीवर नाव दिसलं. ते रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्या ठेकेदाराचं होतं. दुसऱ्या फोटोत त्याच नावाची जीप. तिसऱ्यात लेखक जीपच्या सावलीत डबा खात बसलेले.

मॅडमनी लेखकाला फोन लावला. मी समोर उभा होतो.

“सर, टोपी कोणाची?”

“ऊन होतं, मॅडम.”

“जीप?”

“ऊन लय होतं.”

“डबा?”

सर म्हणाले, “डबा चांगला होता.”

मॅडमनी लेख परत पाठवला नाही. लेखाखाली तीन ओळी लिहायला लावल्या. टोपी, जीप आणि जेवण ठेकेदाराकडून. मला वाटलं हे कमी झालं. मी तसं बोललो. मॅडम म्हणाल्या, “मदत घेणं हा गुन्हा नाही, शालिकभाऊ. लपवणं गुन्हा. लिहून टाकलं की काय समजायचं ते वाचणारा समजतो.”

अंक निघाल्यावर एका वाचकाचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं: धूळ मोजायचं यंत्र कोणाचं होतं?

*

नातेवाईक म्हणजे कोण, यावर आमच्याकडे एक मिटिंग झाली. फॉर्मवर नुसतं ‘नाते’ लिहिलेलं असतं. आमच्या भागात त्या शब्दानं काम भागत नाही. एका परीक्षकांनी फॉर्मला दोन पानं जोडली होती. लेखक कोण ते माहीत नाही, पण सिंदेवाहीकडचा असेल तर साडूच्या बाजूनं लागेल, नागभीडचा असेल तर आईच्या, अशी.

नागपूरहून एक सदस्य आले होते. ते म्हणाले, “सोपं आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, नवरा, बायको, मुलं. संपलं.”

बांबूवाले सर म्हणाले, “अन् साळा?”

“साळा नाही.”

“साळ्याचा लेख नापास केला तर मले घरी पाणी भेटत नाई. साळा टाका.”

साळा टाकला. मग साडू आला, व्याही आले, मामेभाऊ आला, मानलेली बहीण आली. एक तासानं फळ्यावर जागा राहिली नाही. मॅडम वैतागून म्हणाल्या, “ज्याच्या घरच्या लग्नात तुम्ही जेवलात, तो नातेवाईक. लिहा.”

बांबूवाले सर बोटं मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, “मंग परीक्षक बाहेरदेशातून आणा लागन.”

मी दाराशी उभा होतो. मॅडमनी विचारलं, “शालिकभाऊ, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटलं, “ज्याचा लेख नापास करायला जड जाते, तो नातेवाईक. ज्याचा नापास करायला मजा येते, तोही.”

फॉर्मवर आता तेच छापलेलं आहे. नागपूरच्या सदस्यांनी भाषा नीट करून दिली. मिटिंगच्या कागदात ती सूचना आली. कोणी केली ते आलं नाही.

*

आता घरचं.

वंदनाचा अभ्यास मोहाचा. मोहफुलं झाडाखाली पडतात, ती वेचायला दिसावी म्हणून लोक खालचा पालापाचोळा जाळतात. तो जाळ कधी कधी जंगलात शिरतो. वंदनानं धानोऱ्याकडच्या एका गावात आठ झाडांखाली जाळी बांधली. फुलं जाळ्यात पडतात, पाला जाळावा लागत नाही. पूर्ण मोसम तिनं फुलं तोलली आणि टिपून ठेवली. त्याचा हा लेख.

लेख आला, त्याला नंबर अकरा लागणार होता. त्याच दिवशी मी मॅडमकडे गेलो. “नंबर अकरा माझ्या हातात देऊ नका.”

“काय झालं?”

“मी लेखकाच्या घरी जेवतो.”

मॅडम समजल्या. नंबर अकरा पुष्पाबाईंकडे गेला. परीक्षकाकडे तो पोस्टानं गेला. बारा वर्षांत पोस्टानं गेलेला तो पहिला लेख.

घरीही मी सांगून टाकलं. निकाल लागेपर्यंत लेखाचं कोणी बोलायचं नाही. वंदनानं केलेला चहा मी घेणार नाही.

वंदनाची आई, कुसुम, म्हणाली, “मी कोण आहो मंग या घरात? लेखकाची माय का परीक्षकाची बायको?”

“मी परीक्षक नाही. मी लिफाफे नेतो.”

“मंग लिफाफ्यातच जेवा.”

दोन महिने मी चहा स्वतः केला. चांगला होत नव्हता. प्यालो.

*

एका रविवारी जेवताना वंदनाच बोलली. “बाबा, लेखाचं नाई बोलत. फॉर्मचं बोलते. मॅडमले तुमचं माहीत आहे, म्हणून फॉर्मवर मी ‘नाही’वर खूण केली. चालते नं?”

मी विचारलं, “जाळी कोणी विणली?”

“तुमी.”

आमचं घर मूळ तलावावर मासे धरणाऱ्यांचं. नोकरी लागली तरी जाळं विणणं मी सोडलं नाही. तिच्या आठ झाडांसाठी बारीक भोकांची जाळी तीन महिने बसून मीच विणली होती.

“मग ते लिहिलं का?”

“त्यात काय लिहायचं? तुमी काय कंपनी आहा का, बाबा?”

“तुझा अभ्यास झाल्यावर दोन गावांनी माझ्याकडे जाळी मागितली. मी दिली. तुझ्या लेखात जाळी चांगली निघाली तर आणखी गावं मागतील. जाळी कोणाची? माझी. लेख कोणाचा? माझ्या मुलीचा. लेख कुठं छापतो? मी काम करतो तिथं.”

तिनं हात धुतला. जेवण अर्धं होतं.

“बाबा, त्या कॉलेजात मी सात वर्सं शिकली. शिपायाची पोरगी म्हणून. पहिला नंबर आला तवाही म्हणत, शिपायाची पोरगी आहे, पेपर तिच्या बापानंच वाटले. आता एक लेख मायाच्यानं होऊन राह्यला. त्याच्यात तुमचं नाव टाकलं का लोक काय म्हणन ते तुमाले सांगू?”

“सांग.”

“बापानं छापून आणला.”

मी म्हटलं, “म्हणोत. तू सोमवारी जाऊन मॅडमला सांग.”

“नाई जात.”

कुसुम ताट उचलता उचलता म्हणाली, “दोघांचंही डोकं एकाच लोहारानं बनवलं आहे.”

सोमवारी ती गेली नाही. मंगळवारी मी गेलो.

*

“मॅडम, तक्रार आहे. नंबर अकराची. लेखकानं हितसंबंध लपवला.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “लेखक कोण?”

“ते मला विचारू नका. नावं झाकलेली असतात.”

“शालिकभाऊ.”

“नंबर अकरा. जाळी ज्यानं विणली तो लेखकाचा जवळचा आहे. तो जाळी गावांना देतो. आणि तो पत्रिकेतही काम करतो. एवढं मला माहीत आहे.”

“तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“विणणाऱ्यानं.”

मॅडमनी विचारलं, “लेख मागे पडला तर? या अंकात नाही आला तर प्रबंध सहा महिने पुढे जाईल. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“घरी सांगितलं, तुम्ही इथं येणार म्हणून?”

“नाही. लेखाचं घरी बोलायचं नाही असं ठरलं आहे.”

शेजारच्या खोलीत पुष्पाबाईंचं टायपिंग थांबलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा त्या म्हणाल्या, “शालिकभाऊ, तुमच्या घरी जेवायले बोलावलं तरी मी येत नाई बा.”

*

मॅडमनी लेखकाला पत्र लिहिलं. जाळी कुठून आली, कोणी विणली, त्याचा पत्रिकेशी काय संबंध, आठ दिवसांत कळवा. शहरातली पत्रं मी हातानं देतो. हे मला देता येत नव्हतं. स्पीडपोस्टानं गेलं. कॉलेजपासून आमचं घर पंधरा मिनिटं चालत. पत्राला तीन दिवस लागले.

पोस्टमन आला तेव्हा मी दारातच होतो. माझा जुना ओळखीचा.

“शालिकभाऊ, सही करा. वंदनाचं आहे.”

“मी घेऊ शकत नाही.”

“काऊन? बाप नाई का तुमी तिचे?”

“म्हणूनच.”

त्यानं पत्र बघितलं, मला बघितलं. “कोर्टाचं आहे का?”

“तिला बोलवतो. थांबा.”

वंदनानं सही केली, उभ्यानं वाचलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. चार दिवस आमच्या घरात फक्त कुसुम बोलत होती. तिला सवय नव्हती असं नाही.

पाचव्या दिवशी वंदनानं उत्तर लिहिलं. मला दाखवलं नाही. मी मागितलं नाही. मॅडमनी ते नाव झाकून परीक्षकाला पाठवलं आणि लेख पुन्हा नीट बघा म्हणून सांगितलं. परीक्षकानं महिना घेतला. तो महिना मोठा होता. वंदना रोज सकाळी कॉलेजच्या लायब्ररीत जायची, मी रोज सकाळी कॉलेजच्या ऑफिसात जायचो. एकच रस्ता. ती पुढे, मी मागे.

लेख पास झाला. अंक छापून आला. शेवटच्या पानावर तिचं निवेदन होतं. माझं नाव त्या पत्रिकेत बारा वर्षांत पहिल्यांदा छापलं गेलं ते तिथं. नावं मला वाचता येतात.

*

मॅडमचा एक नियम आहे. ज्या गावावर लेख, त्या गावात एक अंक नेऊन द्यायचा आणि मराठी सारांश लोकांसमोर वाचायचा. काही चुकलं असेल तर तेच सांगू शकतात. अंक मी नेतो. वाचतो लेखक. लेख छापून झाला होता म्हणून मला मनाई नव्हती. वंदना आणि मी एकाच गाडीनं धानोऱ्याला गेलो आणि तिथून पुढे गावात. प्रबंध पुढच्या आठवड्यात जमा व्हायचा होता. गाईडनं तारीख दिली होती. गाडीत ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, “बाबा, उतरलो का चहा घेऊ. मी घेऊन देते.”

घेतला.

गावात समाजमंदिराच्या ओट्यावर पंचवीसेक लोक जमले. बायाच जास्त. मोहाचं काम त्यांचंच. मी मागे भिंतीला टेकून बसलो. वंदनानं सारांश वाचला. किती झाडं, किती फुलं, कुठं जाळ लागला, कुठं नाही. बाया मान हलवत होत्या. एकदोन ठिकाणी आपापसात हसल्या. शेवटी तिनं निवेदन वाचलं. नियमात तेही वाचायचं असतं.

“या अभ्यासातली आठही जाळी माझ्या वडिलांनी, शालिक यांनी, विणली. ती मोसमभर टिकली. माझे वडील याच पत्रिकेत लिफाफे पोचवण्याचं काम करतात. अभ्यासानंतर त्यांनी दोन गावांना जाळी दिली आहेत. या लेखाच्या निर्णयात त्यांचा भाग नव्हता.”

तिनं अंक मिटला आणि विचारलं, “काही चुकलं असन तर सांगा.”

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं हात वर केला. तिचं झाड तिसऱ्या नंबरचं. मोसमभर वंदना तिच्याच घरी राहिली होती.

“वंदना, सगळं बराबर आहे. पण आठ नाई. सात.”

“काय सात, आजी?”

“जाळी. मायं जाळं नाई का फाटलं दुसऱ्याच आठवड्यात? सगळ्या गाठी सुटल्या. मंग तू धानोऱ्याच्या बाजारातून दुसरं आणून बांधलं. बाबाले सांगू नका म्हणे, वाईट वाटन त्याईले.”

ओट्यावरच्या सगळ्या बाया एकदम मागे वळल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. म्हातारीनंही बघितलं. “हेच बाबा का?”

वंदना खाली बघत होती.

मी विचारलं, “बाजारातलं टिकलं?”

“हो नं. अजून आहे. पाहता का?”

“नको.”

चुकीची दुरुस्ती छापायची असेल तर त्याचा वेगळा फॉर्म असतो. कोरे फॉर्म माझ्या पिशवीत असतातच. मी उठलो, एक काढला आणि वंदनापुढे ठेवला.

ती हळू म्हणाली, “बाबा, पुढच्या आठवड्यात प्रबंध आहे.”

“म्हणून आजच भर.”

तिनं पेन काढलं. मी बाजूला उभा राहिलो.

“सात लिही,” मी म्हटलं. “आणि बाजारातलं अजून आहे, तेही लिही.”